बाबांची बॉक्सिंग आणि माझं पत्रक

दादानं तो बॉक्सिंगचा खेळ टीव्हीला जोडला तेव्हा बाबांनी सगळ्यात आधी विचारलं, समोर उभा आहे तो माणूस कोण, त्याचा गुन्हा काय आणि आपण त्याला मारायचं कशासाठी. दादा म्हणाला, तो कुणीच नाही, कॉम्प्युटर आहे. बाबांचं समाधान झालं नाही. ज्याचं काही चुकलेलं नाही त्याच्यावर हात उचलायला ते तयार नव्हते. शेवटी आईनं तोडगा काढला. ती म्हणाली, "समजा नं जी, का यानं कामगारायचा बोनस खाल्ला." बाबांनी पडद्यावरच्या त्या लाल चड्डीतल्या धिप्पाड गड्याकडे नीट निरखून पाहिलं आणि दोन्ही मुठी वर केल्या.

वर केल्या असं लिहिते आहे खरी, पण त्यांची उजवी मूठ तेव्हा धड वळतही नव्हती. बाबांना कंपवात आहे. आधी अक्षर बारीक होत गेलं, मग चालताना उजवा हात हलेनासा झाला, मग बसल्याबसल्या अंगठा आणि बोट एकमेकांवर घासू लागले, जणू ते न दिसणाऱ्या नोटा मोजत आहेत. सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपीच्या मॅडम होत्या. त्यांनी व्यायाम दिले, भिंतीला हात टेका, खुर्चीतून उठा-बसा. बाबांनी ते आठवडाभर केले आणि सोडून दिले. म्हणाले, या व्यायामात मुद्दाच नाही. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ठोसे माराल का? या आजारात बॉक्सिंगच्या हालचालींचा फायदा होतो, हात मोठा उघडतो, तोल सांभाळावा लागतो, डोकंही जागं राहतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. दादा बुटीबोरीच्या एका कारखान्यात कामाला आहे, तिकडेच राहतो. त्याच्याकडे गेमचं मशीन होतं. पुढच्या रविवारी तो ते पिशवीत घालून घेऊन आला.

आमच्या घरात असली वस्तू येणं ही साधी गोष्ट नव्हती, हे सांगायला हवं. उत्तर नागपुरातलं आमचं घर पत्रकांवर चालायचं. बाबा छापखान्यात मशीनवर होते. पगार छापखान्याचा, पण जीव पत्रकांत. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, शाळा बंद करण्याविरुद्ध, वस्तीत दारूचं दुकान येऊ घातलं त्याविरुद्ध. मी वाचायला शिकले ती बिघडलेल्या छपाईच्या कागदांवर. कोऱ्या बाजूला माझा गृहपाठ असायचा आणि मागच्या बाजूला 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' असायचं. मला आजही शांत वाक्य लिहिता येत नाही. माझं प्रत्येक वाक्य कुणाला तरी उठवायला निघालेलं असतं.

आणि घरात एक रीत होती. पत्रक छापायला जाण्याआधी ते रविवारी सकाळी, बुद्धवंदना झाल्यावर, घरात मोठ्यानं वाचलं जायचं. वाचून झालं की बाबा एकेकाच्या तोंडाकडे पाहत विचारायचे, यातलं काही आपण मोडतो का? मोडत असलो तर दोनच वाटा. एक तर आजपासून ते बंद, नाही तर पत्रक बंद. खर्‍याविरुद्धचं पत्रक वाचलं तेव्हा मी लहान होते. बाबा तेव्हा दिवसभर तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून असायचे. वाचून झाल्यावर आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते उठले, मोरीत जाऊन चूळ भरली आणि परत येऊन म्हणाले, "छापा." त्यानंतर त्यांनी खर्‍याला हात लावला नाही. सोडताना त्यांना किती त्रास झाला ते आईला माहीत. आम्हाला मात्र त्या एका शब्दाचा अभिमान वाटत राहिला. शाळेत मी तो प्रसंग भाषणात सांगायचे आणि टाळ्या घ्यायचे.

आमच्या घरात अपवाद हा शब्द शिवीसारखा होता. अपवाद म्हणजे पळवाट. पळवाट म्हणजे तेच, जे आमच्याशी हजारो वर्षं होत आलं. हे मी पाठ केलेलं नव्हतं, ते दुधातून आलं होतं.

तर बॉक्सिंग. बाबांचा सगळा डोळा ऑक्टोबरवर होता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभं राहून ते दरवर्षी नवं पत्रक वाटत. त्यांची वाटण्याची पद्धत दुसऱ्या कुणात मी पाहिली नाही. गठ्ठा डाव्या हाताच्या कोपरात तान्ह्या मुलासारखा धरायचा, उजव्या अंगठ्यानं एकच कागद सरकवायचा, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघत तो त्याच्या हातात द्यायचा. चालणाऱ्याची चाल मोडली नाही पाहिजे. टेबलावर गठ्ठा ठेवून 'घ्या' म्हणणाऱ्यांचा त्यांना राग. ठेवलेलं पत्रक म्हणजे टाकलेलं पत्रक, असं ते म्हणत. मागच्या वर्षी त्यांचा अंगठा अडखळू लागला होता. दोन-दोन, चार-चार कागद एकत्र जात होते, आणि काही खाली. लोक वाकून उचलून देत होते. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. पुढच्या वर्षी आपल्या हातानं वाटता आलं नाही तर आपण कशाला जायचं, एवढंच म्हणाले. त्यांना चालायचं नव्हतं, बागेत फिरायचं नव्हतं, पेन्शनीत लोक मागतात तसलं काही नको होतं. एक कागद एका माणसाच्या हातात, नीट. बस.

त्यासाठी ते रोज संध्याकाळी टीव्हीसमोर उभे राहू लागले. दोन्ही हातांत कंट्रोलर. पडद्यावर आधी एक शिकवणारी बाई यायची, ती सांगायची तसे ठोसे तालावर मारायचे, सरळ, बाजूनं, खालून वर. मग समोरचा गडी यायचा. बाबांनी स्वतःचा बॉक्सर बनवून घेतला. टक्कल, मिशी आणि कातडीचा यादीतला सगळ्यात काळा रंग. दादा म्हणाला, एवढे काळे कुठं आहा तुम्ही. बाबा म्हणाले, "मिळून राहिला तर घ्यायचा." समोरचा गडी पडला की यंत्र इंग्रजीत दहापर्यंत मोजायचं. बाबाही त्याच्याबरोबर मोजायचे, आणि आठावर आल्यावर त्याला सांगायचे, "ऊठ रे बापा, अजून लढायचं हाये." तो उठला नाही की त्यांना वाईट वाटायचं. आई भाकरी थापता थापता विचारायची, पडला का बोनसवाला?

पावसाळ्याच्या मध्यापर्यंत फरक डोळ्यांना दिसू लागला. शर्टाची बटणं ते स्वतः लावू लागले. दारातून आत येताना पाय चिकटायचे ते कमी झाले. मॅडमनी त्यांना टाळी वाजवायला लावली, पान उलटायला लावलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, हे थांबवू नका, एक दिवसही नाही. हा आजार मागं जात नाही, पण याला असं ढकलत राहता येतं. मला ढकलत हा शब्द फार आवडला. मी तो कुठं तरी वापरायचा म्हणून लक्षात ठेवला. मी तशीच आहे.

एका रविवारी त्यांनी रंगीत तालीम घेतली. मागच्या वर्षीचा उरलेला गठ्ठा काढला आणि आम्हाला सांगितलं, तुम्ही गर्दी. हॉल म्हणजे रस्ता. आम्ही एका दारानं आत यायचं, त्यांच्यासमोरून जायचं, दुसऱ्या दारानं बाहेर पडून स्वयंपाकघरातून परत यायचं. दादा प्रत्येक वेळी वेगळा माणूस होऊन आला. एकदा घाईतला, एकदा हात मागे बांधलेला, एकदा "वाचता येत नाई" म्हणणारा. त्याला बाबा म्हणाले, घरी लेकीले दे, ती वाचून दाखवते. आई कुही गावाहून लेकरं घेऊन आलेली बाई झाली. डोक्यावर गाठोडं म्हणून तिनं उशी घेतली होती आणि दर फेरीला विचारत होती, "याच्यात जेवण कुठी हाये ते लिहिलं का जी?" बाबा हसून हसून थांबले, पण कागद सुटला नाही. अंगठा सरकत होता. एक-एक कागद येत होता. मी शेवटची गेले. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहून माझ्या हातात कागद दिला आणि कागदाचं दुसरं टोक क्षणभर धरून ठेवलं. मला कळावं म्हणून. हात स्थिर होता.

त्या दिवसाइतकं आनंदी घर मला नंतर आठवत नाही.

त्या वर्षीचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे होतं. विषय वस्तीच्या बैठकीत ठरला. मोबाइलवरचे पैसे लावून खेळायचे खेळ. आमच्या वस्तीत पोरं त्यात बुडाली होती, आणि पोरंच नाही, पोरांचे बापही. कुणी शिकवणी सोडली, कुणी रिक्षा विकली. मला राग आला होता आणि राग आला की मला झोप येत नाही, लिहिता येतं. मी लिहिलं. त्यात एक ओळ होती: 'मैदानावर असतो तो खेळ, पडद्यावर असते ती बेडी, आणि तिची किल्ली आपल्या घरात कधीच नसते.' लिहिल्यावर मी उठून दोनदा खोलीत चालले. आपल्या हातून बरी ओळ उतरली की पायांना कळतं.

रविवारी वंदना झाल्यावर मी ते वाचलं. दादा आला होता. ओळ आली तेव्हा बाबांनी मान हलवली आणि परत वाचायला सांगितली. मी परत वाचली. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, यातलं आपण काही मोडतो का?

मी ठामपणे नाही म्हणणार होते. आईनं टीव्हीकडे बोट केलं. ती खोडी काढत होती, बाबांना चिडवायचं म्हणून. ती म्हणाली, "मग हा बोनसवाला कोण हाये जी?"

आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत.

पहिलं मी बोलले. म्हणाले, तो व्यायाम आहे, खेळ नाही. मॅडमनी दिलेला आहे. बाबा म्हणाले, मशीनच्या डब्यावर काय लिहिलंय? डब्यावर गेम लिहिलं होतं. मी म्हणाले, मग ओळ बदलू. 'पैशाचे' हा शब्द घालू. पडद्यावरचे पैशाचे खेळ. बाबा म्हणाले, पैशाचे म्हटलं की बाकीच्यांना मोकळं रान. रात्रंदिवस गोळ्या झाडत बसणारी पोरं म्हणतील, आम्ही कुठं पैसे लावतो. मी म्हणाले, मग ओळच काढू. तिच्याशिवाय पत्रक उभं राहतं.

"काहून काढतं? ओळ चांगली हाये," ते म्हणाले. "एवढी चांगली ओळ माझ्याच्यानं जन्मात झाली नाई. माझ्या हातासाठी तू ते खोडून राहिली का?"

दादा चिडला. तो फार बोलत नाही, पण त्या दिवशी बोलला. म्हणाला, औषधाची गोळी घेता नं रोज, मग त्यात काय नशा नसते? कागदाला काय समजते, कोण आजारी आहे अन् कोण नाही. बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, वाटताना कुणी पोरानं विचारलं, का काका, तुमच्या घरी आहे का पडदा, तर मी काय सांगू? माझ्याले आजार हाये म्हणून मले चालते? "असंच सगळे म्हणते गा. सगळ्यायले काहीतरी आजार असतेच."

यावरचं उत्तर मला आज माहीत आहे. आज मी म्हणाले असते की बाबा, नियम माणसासाठी लिहितात, आणि माणूस म्हणजे तुम्हीसुद्धा. पण त्या घरात मला वाद घालायला ज्यांनी शिकवलं तेच समोर होते, आणि त्यांनी मला सगळे डावपेच शिकवले होते, एक सोडून. सूट कशी मागायची ते त्यांनी मला कधी शिकवलं नव्हतं. त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या बापानं दीक्षा घेतल्यावर घरातला देव्हारा उचलला तोही एका दिवसात, मागे न पाहता. आमच्याकडे सोडायचं म्हणजे असं सोडायचं. त्या एका गुणावर आम्ही उभे राहिलो, आणि तोच गुण त्या सकाळी हॉलमध्ये उभा होता, बाबांच्या उजव्या हातावर पाय देऊन.

बाबांनी स्वतः वायर काढली. कंट्रोलर टॉवेलमध्ये गुंडाळले, दादाच्या पिशवीत ठेवले आणि मला म्हणाले, "छाप."

आईला वाटत होतं, तिच्या एका चेष्टेनं हे झालं. मी तिला किती वेळा सांगितलं की तसं नाही. आजही ती टीव्हीवर पदर टाकल्यासारखा एक रुमाल टाकून ठेवते.

मॅडम भडकल्या. त्या म्हणाल्या, मी याला औषध म्हणते आणि तुम्ही तत्त्व घेऊन बसता. त्यांनी पडद्याशिवाय नुसते हवेत ठोसे मारायला सांगितलं. दादानं भिंतीवर उशी बांधून दिली. बाबांनी प्रामाणिकपणे करून पाहिलं. थोडे दिवस ते हॉलच्या मधोमध उभे राहून हवेत हात टाकत राहिले. मग एका संध्याकाळी अर्ध्यातच थांबले. मी म्हणाले, काय झालं. म्हणाले, "समोर कोणीच नाई, तं मारू कोणाले?" आणि खुर्चीत बसले. उशीला ते दोनदा थोपटून आले, ठोसा मारला नाही.

दवाखान्यात मॅडमकडे रांग मोठी असते, एका माणसाला किती वेळ देणार. वस्तीजवळ दुसरं काही नाही. पैसेवाल्यांच्या भागात अशा आजारासाठी खास व्यायामशाळा निघाल्या आहेत म्हणे. त्यावर मी एक पत्रक लिहू शकते, आणि ते चांगलं होईल, आणि त्यानं बाबांचा अंगठा हलणार नाही.

ऑक्टोबर आला. आम्ही सकाळीच निघालो. रस्ता पांढऱ्या कपड्यांनी भरलेला. ट्रकमधून, एसटीतून, पायी, लोक येतच होते. पुस्तकांचे स्टॉल लागलेले, जागोजाग जेवणाची पाकिटं वाटणारी पोरं. बाबा आपल्या नेहमीच्या जागी उभे राहिले, कोपरात गठ्ठा घेऊन. मी दोन पावलं मागे उभी होते. त्यांनी मला जवळ येऊ दिलं नव्हतं.

पहिला माणूस आला. बाबांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. अंगठा कागदावर आला आणि तिथंच थरथरत राहिला. माणूस निघून गेला. दुसरा, तिसरा. गर्दी थांबत नसते. मग त्यांनी दुसरी रीत काढली, आधीच एक कागद वेगळा काढून हात पुढे धरून ठेवायची. तो काढायला वेळ लागला, आणि काढला तेव्हा तो हातात राहिला नाही. त्यांना कळलं नाही की कागद पडला आहे. हात तसाच पुढे होता, पंजा उघडा, हलणारा.

जेवण वाटणाऱ्यांतली एक मुलगी लगबगीनं आली. तिनं त्या हातात मसालेभाताचं पाकीट ठेवलं, वरून आपल्या हातानं त्यांची बोटं मिटवली आणि म्हणाली, "घ्या बाबाजी, गरम हाये. तिकडे सावलीत बसा." आणि पुढच्या माणसाकडे गेली. ती काही चुकली नव्हती. तिनंही त्यांच्या डोळ्यांत पाहूनच दिलं होतं.

बाबा पाकिटाकडे बघत राहिले. मी धावले. मला तिला हाक मारून सांगायचं होतं, हे मागायला नाही आले, हे द्यायला आले आहेत. बाबांनी मानेनंच नको म्हटलं. "जेवण दिलं नं तिनं. त्याच्यात काय," म्हणाले. गठ्ठा माझ्याकडे दिला. फुटपाथवर बसून त्यांनी तो भात खाल्ला, हळूहळू, सांडत, सगळा. पाकीट घडी करून खिशात ठेवलं. मी वाटत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मी कशी वाटते आहे यावर एक शब्दही बोलले नाहीत. चूक काढली असती तर बरं वाटलं असतं.

परत येताना ऑटोत ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. आई पुढे बघत होती. ऑटो सिग्नलला थांबला तेव्हा त्यांनी अगदी साध्या आवाजात मला विचारलं, जसं छापखान्यात कागदाचा भाव विचारावा.

"एक पत्रक किती दिवस लागू राहते वं?"

मला प्रश्न कळला. आईलाही कळला, तिनं मान वळवली. मी म्हणाले, "संपलं बाबा. एका दिवसाचंच असते ते. आज वाटलं, आज संपलं. दादाले फोन करू का, मशीन घेऊन ये म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदा वाटलं, हो म्हणतील.

"खोटं नको बोलू," ते म्हणाले. सिग्नल सुटला.